नेत्रजलस्राव व पेशीसंकेत : एका रूढ मांडणीची चिकित्सा

नेत्रांतर्गत दाबाचे नियमन शिकविताना वर्गात सहसा एकच सरळ साखळी मांडली जाते : बीटा ग्राही उद्दीपित झाले की पेशीतील चक्रीय एएमपी वाढते, सिलिअरी पिंडाचे अस्तर अधिक नेत्रजल स्रवते व दाब चढतो, टिमोलॉल ही साखळी तोडते, म्हणून काचबिंदूत ते उपयोगी. मांडणी सुटसुटीत आहे. परंतु पुराव्यापुढे ती टिकत नाही.

फोर्स्कोलिनचे उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात कोलियस वनस्पतीच्या मुळांतून वेगळे केलेले हे द्रव्य ग्राहींना वगळून अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकरास थेट उत्तेजित करते. चक्रीय एएमपी वाढते. तथापि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ससे, माकडे व माणसे या तिहींच्या डोळ्यांतील दाब उतरलेला आढळला. अ‍ॅड्रिनॅलिनही, उद्दीपक असूनही, दाब कमीच करते. तेव्हा एकाच रेणूच्या वाढीवरून स्रावाची दिशा ठरविणे घाईचे होय.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. जागेपणी मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर असणारा स्राव झोपेत जवळजवळ निम्म्यावर येतो. तरी आडवे झोपल्यावर दाब पुष्कळदा वाढतो, कारण निचऱ्याचा रोध व नेत्रपृष्ठावरील शिरांतील दाब हेही हिशेबात असतात. रात्री टिमोलॉल स्राव फारसा घटवीत नाही. दुपारच्या एका मोजणीवर विसंबलेल्या रुग्णाला याची किंमत दृष्टीने मोजावी लागू शकते. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले नेटार्सुडिल रो-कायनेज रोखते व मुख्यतः ट्रॅबेक्युलर जाळीतील निचरा सुधारते. रूढ साखळीत या जाळीतील पेशींना स्थानच नाही.