अतिदक्षता विभागातून शाळेपर्यंत : पुण्यातील एका दीर्घकालीन अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
गंभीर आजारातून मूल वाचले की उपचार संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक अशा बालकाच्या अध्ययनाचा व स्मृतीचा प्रश्न अनेक वर्षांनी, शाळेत गेल्यावर उभा राहतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचा वेध घेणारा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांचा अभ्यास होय.

अभ्यासाचे योगदान :
१९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा पाठपुरावा या अभ्यासात करण्यात आला. बाराव्या वर्षीचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५, तर तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२ आढळला. वाचन व गणितातही ती मागे होती. एवढी वर्षे मुलांचा माग ठेवणे हेच या अभ्यासाचे मोठे यश आहे.

मर्यादा :
सरासरी बुद्ध्यंक सर्वसामान्य कक्षेत राहिला, हा निष्कर्ष वैद्यकीय दृष्टीने समाधानकारक असला तरी शिक्षकाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. बुद्ध्यंक सामान्य, परंतु वाचलेले व पाठ केलेले टिकत नाही, असे मूल ना आजारी ठरते ना अपंग. म्हणूनच ते सर्वांच्या नजरेतून सुटते. दुसरे असे की, कमी वजनाचा परिणाम कोणता व आजाराचा कोणता, हे येथे वेगळे करणे कठीण आहे. निरोगी जन्मून पाचव्या वर्षी मेंदूज्वर झालेल्या मुलास हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. या दृष्टीने ल्यूवेन, रॉटरडॅम व एडमंटन येथील १,४४० अत्यवस्थ बालकांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पूरक ठरते. त्यातील मुलांच्या पुढील तपासण्यांत बौद्धिक क्षमता निरोगी मुलांपेक्षा कमी आढळल्या.

तिसरी मर्यादा स्थळाची आहे. लोहारा तालुक्यातील माकणीसारख्या तेरणाकाठच्या गावात रुग्णालयाचे कागद घरीच राहिले, तर वर्गशिक्षकास आजाराची कल्पना येण्याचा मार्गच उरत नाही. पाढे विसरणारे मूल मग ‘मठ्ठ’ ठरते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणीची तरतूद आहे; तथापि स्मृतीतील उणीव धावत्या तपासणीत दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली, परंतु प्रमाणपत्रापूर्वी कोणीतरी शंका घ्यावी लागते.

निष्कर्ष :
ती शंका शिक्षकच घेऊ शकतो. त्यासाठी प्रवेशाच्या वेळी पूर्वीच्या गंभीर आजाराची नोंद घेतली जावी आणि अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात या विषयास स्थान मिळावे. पुण्याच्या अभ्यासाने बारा वर्षे मुलांचा माग ठेवला. शाळेने किमान त्यांचा पूर्वेतिहास विचारला पाहिजे. अन्यथा वाचलेले मूल वर्गात हरवेल.