धडधडीतली जवारी

जुन्या बुलेटवाल्यांचं आणि जावा-येझदीवाल्यांचं भांडण मायलेजवरून सुरू होतं, पण तिथे फार वेळ रेंगाळत नाही. ते आवाजावर येतं, आणि मग कुणीच माघार घेत नाही.

दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या साडेतीनशेच्या बुलेटचं सिलिंडर उंच आणि अरुंद: व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. फ्लायव्हील जड. इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. त्यामुळे आयडलिंगला दोन ठोक्यांमध्ये ऐसपैस जागा पडते, आणि बुलेटभक्ताचा जीव ठोक्यापेक्षा त्या जागेत अडकलेला असतो. तो आयडलिंग इतकं खाली आणतो, की पुढचा ठोका येतोय की नाही याची शेजारच्याला काळजी वाटावी. किक मारण्याआधी अँपमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, मगच पाय मारायचा. इतकी आराधना केल्यावर आलेला पहिला ठोका गोड लागणारच.

म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी वेगळ्या स्वभावाची. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन्ही अंगांना एकेक. टू-स्ट्रोकमध्ये ठिणगी दर फेरीला पडते. मात्र मंद चालताना जळका वायू पुरता बाहेर जात नाही, ताजं मिश्रण पुरेसं भरत नाही, आणि मधले काही ठोके हुकतात. इंजिनिअरच्या लेखी हा दोषच. जावावाला त्याच हुकण्यावर फिदा असतो: ठेक्यात न बसणारी, खट्याळ टणटण. शिवाय किकचाच दांडा फिरवला की गिअरचा होतो, आणि गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो. रचनेचा प्रश्न असेल तर माझं मत जावालाच. आवाजात मात्र मी बुलेटवाला.

जुन्या ऑडिओवाल्यांतही अशाच दोन फळ्या आहेत. मोजमापात ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर सहसा सरस ठरतो. व्हॉल्व्हचा, विशेषतः एकाच ट्रायोडवर चालणारा साधा ॲम्प, मूळ सुरात स्वतःची भर घालतो. पण ती भर कसली, हे पाहण्यात खरी गंमत आहे. तिच्यात सगळ्यात ठळक असते मूळ कंपनसंख्येची दुप्पट. म्हणजे षड्ज आत गेला तर बाहेर येताना त्याच्यासोबत वरचा षड्जही किंचित डोकावतो. भेसळ खरी, पण सुरेल भेसळ. क्षमतेबाहेर ताणला तर ट्रान्झिस्टर आवाज एकदम छाटतो आणि कानाला बोचतो. व्हॉल्व्ह हळूहळू वाकत जातो. तरी ट्रान्झिस्टरवाल्याचा सवाल बिनतोड आहे: गवयाने जे गायलं त्यात भर घालणारे तुम्ही कोण?

याचं उत्तर मिरजेत मिळेल. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सूत सरकवून जवारी लावतो, ती तारेचा आवाज ‘शुद्ध’ राहू नये म्हणूनच. तार घोडीवर घासत झणझणते आणि स्वरांश उमलतात. किती उमलू द्यायचे, यावरही मतभेद. सतारीत पंडित रविशंकरांची जवारी खुली, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद. त्यातली ‘चूक’ कुठली, हे कुणी विचारत नाही. बुलेटच्या धडधडीलाही मी याच हिशेबात धरतो. ऐकणारा आपल्या कानाला पटेल तितकी जवारी निवडतो.

एका जमातीपुरती मात्र माझी सहनशक्ती संपते. लखलखत्या पितळी भोंग्याचे नवे बनवलेले ‘अँटिक’ ग्रामोफोन दिवाणखान्यात मांडणारे. त्यांची खरेदी डोळ्यांनी झालेली असते. जड हाताचा साउंडबॉक्स आणि बोथट सुई यांखाली लाखेची चांगली तबकडी खरवडून निघते, आणि ती पुन्हा मिळत नाही.

तेव्हा जुनी गाडी पाहायला जाणार असाल, तर मालकाला आधीच सांगा, इंजिन तापवून ठेवू नका. थंड गाडीला स्वतः किक मारा आणि मग ती गरम होईपर्यंत ऐकत उभे राहा. ॲम्प घ्यायचा असेल, तर तंबोरा स्पष्ट ऐकू येणारी एखादी रेकॉर्ड सोबत न्या. क्रोम नंतरही करून घेता येतं.