पटाचा जमाखर्च

माणसं काय काय जमवतात! कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कोणी काड्यापेट्यांचे छाप. आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, शंकरपट जमवतात. म्हणजे भरवत नाहीत हो! भरवायला पैसा लागतो, मैदान लागतं आणि आताशा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. मामाजी होऊन गेलेल्या पटांच्या वस्तू जमवतात. त्यांचं गाव लाखनीच्या पुढे. यंदा संक्रांतीनंतर गेलो, तर सपरीत सतरंजीवर अख्खा संग्रह मांडलेला.

"जवाईबापू, पाहून सांगा, कसं काय जमलं तं."

सासऱ्याच्या संग्रहाचं परीक्षण करणं हे धाडसाचं काम आहे. पण विचारलंच आहे, तर सांगतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आधी पट सांगायला हवा. आमच्या भंडारा-गोंदियाकडे धान घरात आलं की पट भरतो. हलका छकडा, त्याला बैलजोडी, वर एक धुरकरी आणि समोर सरळ धावपट्टी. तिला आम्ही दान म्हणतो. किती सेकंदांत जोडी पार झाली, त्यावर निकाल. दिवसा पट आणि रात्री वडशाकडच्या कंपनीचं नाटक. घरोघरी पाहुणे आणि पाहुण्यांमध्ये हळूच एखादं स्थळ. आमचं लग्नही पटातच ठरलं. त्या दिवशी कोण जिंकलं आणि कोण हरलं, यावर मी आजवर जाहीर बोललेलो नाही.

आता संग्रह. मधोमध एक पितळी ढाल. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, तेव्हा ढाल चिंचेने घासून लख्ख. शेजारी बंद पडलेलं घड्याळ. ते विजयी जोडीची वेळ दाखवून थांबलं, असं मामाजी सांगतात. ते नातवाने आपटलं, असं सासूबाई सांगतात. मग घुंगरांचे पट्टे, विटलेली झूल, नाटकांची पिवळी पडलेली हस्तपत्रकं आणि फोटो. प्रत्येक फोटोत मध्ये हार घातलेले पाहुणे, त्यांच्या बाजूला जोडीचे मालक, कडेला अर्धा धुरकरी. बैल शोधावे लागतात. एका फोटोत दोन शिंगं आहेत, तीही पाहुण्यांच्या टोपीमागे. अनोळखी माणसाचा गैरसमज व्हावा.

हा माझा पहिला आक्षेप. धावला कोण आणि फोटो कोणाचा? घोड्यांचं पाहा. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स 1883 सालचं. तिथे 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकणाऱ्या घोडीचं नाव प्रिन्सेस ब्युटिफुल. नाव आजही कागदावर आहे. इंग्रजांनी तर 1791 सालीच शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक छापलं. एवढी चोख वंशावळ आमच्यात लग्नाच्या बैठकीतही कोणी काढत नाही. फार लॅप नावाचा घोडा 1932 साली मेला. त्याचं कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात, हृदय कॅनबेऱ्यात आणि सांगाडा न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला. तीन भावांनी वाडा वाटून घ्यावा तसा तो घोडा वाटून घेतला! आमच्या बैलाचं कोणी शिंगसुद्धा ठेवलेलं नाही. ढालीवर मालकाचं नाव कोरलंय, बैलाचं नाही.

दुसरा आक्षेप मोठा. माझी उभी हयात खतावण्यांत गेली, त्यामुळे नजर तिकडेच जाते. मामाजींच्या संग्रहात सगळी जमा बाजू आहे. नावे बाजू कोरी. अशी वही आमच्याकडे तपासनिसाने पाहिली असती, तर शाखेत कोणी जेवलं नसतं.

मी विचारलं, "मामाजी, तुतारी कुठंय?"

ही तुतारी वाजवायची नव्हे. हिच्या टोकाला खिळा असतो आणि तो बैलाला टोचतात.

मामाजींचा चेहरा उतरला. "ते काहून ठेवाव? शोभेची वस्तू होय का ते?"

शोभेची नाही, म्हणूनच ठेवायची. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या काही पितळी ढालीमुळे नव्हे. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी तो कायदा वैध ठरवला. बैलाला टोचायचं नाही, मारायचं नाही, ही त्यातली मुख्य अट. मधली सात वर्षं कायद्याने दान रिकामी होती. उद्या नातवाने विचारलं, "आबा, तेव्हा पट काहून बंद होता?" तर घुंगरू काय उत्तर देणार? आणि ज्यांनी फक्त तुतारीच पाहिली, त्यांना हेही कळायला हवं, की तोच हात पहाटे उठून बैलाला ढेप चारत होता आणि जोडी विकली त्या रात्री या घरात चूल पेटली नव्हती. दोन्ही बाजू मांडल्या तरच शिल्लक कळते.

मामाजी काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता पुढच्या संक्रांतीला आपल्याला बोलावणं नाही. थोड्या वेळाने ते उठले, आढ्यात हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काठी काढली. खिळा गंजलेला होता.

"पाखऱ्याले एकदाच लागली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दोनदा. त्याच दिवशी ढाल भेटली."

म्हणजे जमा आणि नावे एकाच तारखेची! चाळीस वर्षं ढाल पाटावर राहिली आणि तुतारी आढ्यात.

मामाजींनी ती ढालीजवळ ठेवली. थोडी सरकवली. मग पुन्हा जवळ आणली. "तुमचं अक्षर चांगलं हाय, चिठ्ठी लिहा," म्हणाले. मी लिहिलं: 'तुतारी. नग एक. ढालीसोबतची. बैलाचं नाव पाखऱ्या.'

मामाजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. "दुसऱ्या बैलाचंबी नाव लिहा," म्हणाले, "थोबी धावला होता."