शोधता न येणारी पुस्तकं

पुस्तक-प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिकेवर हल्ली ‘ई-आवृत्तीही उपलब्ध’ अशी ओळ दिमाखात असते. पैसे भरून ती आवृत्ती उघडावी, तर निघते छापील पानांची पीडीएफ. मोबाइलवर अक्षर वाचवत नाही. मोठं करावं तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. पुस्तकात हमखास असलेलं एखादं नाव शोधावं, तर उत्तर शून्य. यालाच डिजिटल पाऊल म्हणत प्रकाशक टाळ्या घेतात, म्हणून हा लेख.

याचं मूळ अक्षरजुळणीत आहे. आपली बहुतेक पुस्तकं वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवली गेली. तिथे डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच चिन्ह असतं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर लावला की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. तो खर्च नको, म्हणून पीडीएफ. जुन्या पुस्तकांपुरतं हे समजू शकतं. पण देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, किंडलवर मराठी २०१६ साली आली, आणि तरीही नवी संहिता जुन्याच फाँटात ओतली जाते, याला आळसच म्हणायचं.

खरं काम दुसरीकडे झालं आहे. वाईचा विश्वकोश आज कुणालाही फुकट, शब्द टाकून शोधता येतो. छापील खंड कपाटात बंद होते, तेव्हा त्यांचा एवढा उपयोग शाळकरी मुलांना कधीच झाला नसेल. मोल्सवर्थचा १८५७चा कोश शोधता येण्याजोगा केला शिकागो विद्यापीठाने. पुण्या-मुंबईतल्या कुणाला ते सुचलं नाही. आणि मराठी विकिस्रोत! स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकाचं स्कॅन शेजारी ठेवून एक स्वयंसेवक पान तपासतो, मग दुसरा तेच पान पुन्हा तपासतो. सगळं विनामोबदला. इतकं काटेकोर मुद्रितशोधन आज किती प्रकाशनांत होतं?

 

प्रकाशकांची एक तक्रार मात्र रास्त होती. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकाला कर शून्य आणि ई-पुस्तकाला १८ टक्के! वर्षभराने, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो पाचवर आला. पण कर उतरल्यावरही पीडीएफ पीडीएफच राहिली.

उरते पायरसीची ढाल: ई-पुस्तक काढलं की चोरी होते, म्हणे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फायली बहुतेक छापील पुस्तकांची स्कॅनं असतात. ई-पुस्तक न काढल्याने ती चोरी थांबली का? लातूरच्या किंवा न्यू जर्सीच्या वाचकाला ‘आवृत्ती संपली’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर तो फाइल मागणारच. त्याला चोर म्हणणाऱ्याने आधी पुस्तक विकायला ठेवावं.

ते ठेवलं जात नाही, कारण हक्क अडवून बसण्यात काही खर्च होत नाही. इथे लेखकांनी आणि वारसांनी कायदा वाचायला हवा. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, ते करारात स्पष्ट नोंदवलेलं नसेल तर हस्तांतरात येत नाही, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झाली. त्याआधीच्या करारांबद्दल वकील खुशाल भांडोत. पण सत्तरच्या दशकातला करार दाखवून कुणी ई-हक्क सांगू लागला, तर मुकाट्याने मान डोलावण्याचं कारण नाही. नव्या करारात दोन अटी घालाव्यात: मजकूर युनिकोडमध्ये लेखकाच्या ताब्यात मिळेल, आणि पुस्तक ठरावीक मुदतीत कोणत्याच रूपात विक्रीला नसेल तर सगळे हक्क परत येतील. या अटींविना सही करणाऱ्याने पुढे ‘माझं पुस्तक कुठे मिळत नाही’ हे रडगाणं दिवाळी अंकात छापू नये.