अंकुशचा आवाज : नंदू भेंडे यांचं राहून गेलेलं मोजमाप

मराठी रॉक म्हटलं की आपल्या नंदुरबारात आजही लोक हसतात. म्हणूनच आज आम्ही नंदू भेंडे हा विषय घेतला.

मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्ये हे मोठं नाव. ‘व्हेलव्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ हे बँड. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास. पण बँडबाहेर केलेलं त्यांचं धाडसी काम १९७८ चं : थिएटर अ‍ॅकॅडमीचं ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्तवरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतात भेंडे होते, आणि गुंडांचा म्होरक्या अंकुशही तेच.

चर्चा झाली पुलंची, ब्रेख्तची, जब्बारांची. गायक राहून गेला. का? तर समीक्षेकडे त्याला मोजायला मापच नव्हतं. राग कोणता, भाव कोणता, एवढंच आपण विचारत आलो. इंग्रजी रॉकवाल्यांना हे मराठी म्हणून परकं, मराठीवाल्यांना रॉक म्हणून.

खरी कामगिरी उच्चारात आहे. इंग्रजी शब्दाला आघात असतो. रॉकमध्ये दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर जोर येतो, त्या चौकटीत तो आघात बसवता येतो. मराठी पद्य मात्र बरंचसं लघु-गुरूवर चालतं. तसाच शब्द त्या चालीत कोंबला की लंगडतो. भेंड्यांचा शब्द लंगडत नाही, कारण ते आधी बोलतात आणि मग फेकतात, शाहिरासारखं.

उणीवही सांगितली पाहिजे. रॉक मिळाला तो गुंडाच्या तोंडी. ब्रेख्तच्या उपरोधाला ते शोभलं, पण परवाना मिळाला तोही चोराच्या नावावर! साध्या माणसाचं दुःख या आवाजात गाता येतं का, हा प्रश्न त्या नाटकाने पुढच्यांवर सोडला.

मग प्रभाव कुठला, असं तुम्ही विचाराल. प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे. तर्कशास्त्राचा साधा नियम आहे, जे घडलं ते शक्य होतं. आज मराठीत रॉक किंवा रॅप करणाऱ्या पोराने भेंड्यांना ऐकलं नसेलही. पण ‘मराठीत हे जमत नाही’ हा आक्षेप १९७८ सालीच खोटा पडला होता.

आपल्याकडेच बघा ना. वरातीत ढोलाशेजारी कीबोर्ड वाजतो, शब्द अहिराणी नाहीतर भिली. हे आपलं की परकं, असं नाचणारा विचारत नाही. विचारतो तो आपण, शिकलेले.

भेंडे २०१४ साली गेले. त्यांना ‘प्रयोगशील’ म्हणून कोपऱ्यात बसवू नये. संगीत नाटकाने एकेकाळी विलायती ऑर्गन आपलासा केला. त्याच इतिहासात या गिटारचीही नोंद करावी, एवढंच आमचं मागणं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.