कानाला माप कोणते?

आपल्या धर्मग्रामांतून भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पूर्वी कॅसेटी निघत, मग सीडी आल्या, आता गीत थेट भ्रमणध्वनीवर येऊन पडते. ही गीते आम्ही उत्सुकतेने ऐकतो आणि पुष्कळदा हळहळून बाजूला ठेवतो. चाल वाईट नसते, गाणारे बेसूर नसतात, शब्दरचनाही बरी असते. मग बिघडते कोठे? आमच्या मते ते बिघडते मिश्रणाच्या वेळी, आणि तेथेही यंत्रामुळे नव्हे, तर मिश्रण करणाऱ्याने कानापुढे ठेवलेल्या नमुन्यामुळे.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. आजकाल गायक, समूह, पेटी, तबला, कीबोर्ड हे सारे स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित होतात. ते एकत्र आणताना कोण पुढे, कोण मागे, कोणाला किती गुंजन द्यावयाचे, हे ठरविणे म्हणजे मिश्रण. चार तास तेच गीत ऐकल्यावर कान बधिर होतो; खर्ज जास्त झाला की कमी, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून जाणकार लोक दुसरे एखादे उत्तम, पूर्ण झालेले ध्वनिमुद्रण जवळ ठेवतात आणि अधूनमधून त्याचा तुकडा ऐकून कान ताळ्यावर आणतात. सोनाराने वजने तपासून घ्यावीत तसाच हा प्रकार. पद्धत निर्दोष आहे. प्रश्न आहे तो वजन कोणते निवडले, आणि ते पारड्यात कसे घातले, हा.

येथे आमचीच फजिती सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळासाठी पाच गीते करावयाची ठरली. पुण्यातील एका लहानशा स्टुडिओत मुद्रण झाले आणि मिश्रणाला आम्ही जातीने बसलो. नमुना म्हणून आम्ही एक गाजलेले चित्रपटगीत नेले होते. ते लावले की खोली भरून जाई. आमचे गीत लावले की पडलेल्या पापडासारखे वाटे. मग आम्ही खर्ज वाढविला, कीबोर्डवरची व्हायोलिने वाढविली, गुंजन वाढविले, शेवटी सगळेच वाढविले. पहिल्याच शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेच्या भक्तीनंतर, ते गीत चर्चमध्ये लावले. बाहेर पडताना एक आजी म्हणाल्या, “गाणं गोड झालंय रे बाबा, पण त्यात म्हटलंय काय?”

आमची चूक दुहेरी होती. पहिली शुद्ध यांत्रिक. बाजारात आलेले गीत अखेरच्या संस्कारात दाबून मोठे केलेले असते. आमचे अजून कच्चे होते. मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, कारण मंद आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखविले होते. तेव्हा तुलना करण्यापूर्वी नमुन्याचा आवाज उतरवून आपल्या गीताच्या पातळीवर आणला पाहिजे. आज त्यासाठी मापनयंत्रे आहेत, परंतु डोळे मिटून बटण फिरविले तरी काम भागते. आम्ही तेवढेही केले नाही. नमुना गुणांत वरचढ होता की नाही कोण जाणे. तो नुसता मोठा होता.

दुसरी चूक रुचीची, आणि ती अधिक गंभीर. चित्रपटगीत ज्या जागेसाठी घडते ती जागा वेगळी, त्याचे प्रयोजन वेगळे. चित्रपटगृहाच्या भिंती आवाज शोषून घेतात; आपली दगडी चर्च तो परत फेकतात. मुद्रणात घातलेले गुंजन आणि वास्तूचे गुंजन एकत्र आले की व्यंजने विरघळतात आणि स्वरांचा लगदा उरतो. शिवाय चित्रपटात शब्द निसटला तरी पडद्यावरचे चित्र सांभाळून घेते. उपासनेत शब्दाला असा दुसरा आधार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेची दारे लोकभाषेला उघडली ती लोकांना समजावे म्हणून. ज्या गीताचे मराठी कळत नाही, ते मराठीत असून उपयोग काय?

मग आपल्याजवळ माप नाही काय? आहे, आणि ते याच पुण्यातले आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन्न गीते. आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी ती शेजारच्या घरातून नक्कीच ऐकली असतील. आम्ही येथे त्यांच्या विषयाबद्दल बोलत नसून ध्वनीबद्दल बोलत आहोत. वाद्ये मोजकी, ती शब्दाच्या पाठीशी उभी. गायकाचा श्वास ऐकू येतो. ‘ळ’ आणि ‘ण’ जागच्या जागी. जोडाक्षर तुटत नाही. त्या काळी ते घराच्या कोपऱ्यातल्या एकाच ध्वनिवर्धकातून ऐकावयाचे होते, म्हणून शब्द पुढे ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. गरिबीने शिकविलेली ही शिस्त आहे. मिश्रण करताना आवाज अगदी बारीक करून पाहावे: ‘गीतरामायणा’तले शब्द तरीही कळतात. आपल्या गीताचे कळतात का, एवढेच तपासावे.

मात्र डोळे झाकून तेही घेऊ नये. आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. पुढे फडक्यांनी सर्व गीते स्वतःच्या आवाजात एचएमव्हीसाठी मुद्रित केली, आणि आज घराघरांत बहुधा तीच ऐकू येतात. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ समजतो ते कित्येकदा दुसरे ध्वनिमुद्रण असते. त्यातून इंटरनेटवरची झिजलेली प्रत नमुना म्हणून घेतली तर तिचा चिरका तारस्वर आपल्या गीतात उतरायचा! आणि समूहगानाबाबत हा नमुना आपल्याला फारसे शिकवत नाही. त्यासाठी आम्ही फ्रान्समधील सोलेम मठाकडे वळतो. तेथील संन्याशांचे ग्रेगोरियन गान १९३० साली ध्वनिमुद्रित झाले आणि देशोदेशीच्या गायकवृंदांना तो वस्तुपाठ झाला. पुष्कळ कंठ असूनही एकच ओळ चालते आहे, हे तेथे ऐकावे. त्या तबकड्यांमुळे जगभर एकाच छापाचे गान पसरले, ही तक्रार अगदीच निराधार नाही. नमुन्याचा धाक असा असतो.

एकट्या आवाजाची कसोटी किती कठीण असते याचा एक गमतीदार दाखला आहे. एमपीथ्री ही पद्धत घडविताना जर्मनीतील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे, १९८७ साली तबकडीवर आलेले, वाद्याविना गायिलेले एक गीत पुन्हा पुन्हा कसोटीला लावले. वाद्यांच्या गर्दीत दोष दडतो. उघड्या आवाजात तो लगेच पकडला जातो.

नमुन्यातून काय घ्यावे आणि काय सोडावे, याचे उदाहरण म्हणून आम्हांला पुण्याच्या आनंद भाटे यांचे गायन आठवते. ‘बालगंधर्व’ या २०११ सालच्या चित्रपटात त्यांनी ती गायकी अशी उभी केली की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या तबकड्यांची साडेतीन मिनिटांची घाई आणि खरखर त्यात आणण्याचा मोह कोणाला झाला नाही. घेतला तो लडिवाळपणा, शब्द उचलण्याची रीत. आपल्याकडे नेमके उलट होते: चित्रपटगीताचा गोंगाट उचलतात आणि त्यातील गायकाची मेहनत तेथेच ठेवतात.

त्या पाच गीतांचे मिश्रण आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा केले. या वेळी नमुने दोन नेले, दोन्हींचा आवाज उतरवून. तिसरा नमुना घरचा होता: रविवारच्या मिस्सामध्ये शेवटच्या बाकाजवळ एक साधे यंत्र ठेवून घेतलेले सर्व मंडळींचे गाणे. ते विस्कळीत होते, कोणी अर्धी मात्रा मागे होते. पण या वास्तूत मानवी आवाज कसा पोहोचतो हे त्याने दाखविले. त्यावरून आम्ही व्हायोलिने काढून टाकली, गुंजन जवळजवळ नाहीसे केले, आणि गीत स्टुडिओत थोडे कोरडे वाटले तरी तसेच राहू दिले.

आजींना या वेळी सारे शब्द कळले. तबला मात्र फार लांब गेल्यासारखा वाटतो, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि तेही खरेच होते.