‘पण हे कळलं कसं?’ : मराठी विज्ञान-पॉडकास्ट ऐकताना

गेली दोन वर्षं मी मराठीतून विज्ञान सांगणारे पॉडकास्ट वही घेऊन ऐकतो आहे. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही वाचलं ते ग्रंथालयांतून आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून. म्हणजे हे कार्यक्रम ज्याच्यासाठी केले जातात असं सांगतात, तो ‘सामान्य श्रोता’ मीच. कार्यक्रमांची नावं इथे घेत नाही. बहुतेक मंडळी पदरमोड करून हे काम करतात, आणि मला खटकणारा दोष कुणा एकाचा नाही. तो आता रीत होऊन बसला आहे.

एका तासाच्या भागाची मांडणी साधारण अशी असते. आधी संगीत, मग पाहुण्यांचं बालपण, त्यांची शाळा, परदेशातली थंडी. पंचवीसेक मिनिटांनी विषय येतो. पाहुणे एक विलक्षण गोष्ट सांगतात, सूत्रसंचालक ‘बाप रे!’ म्हणतो, आणि दोघं हसून पुढच्या विलक्षण गोष्टीकडे वळतात. विज्ञान कंटाळवाणं आहे हे आधीच मान्य करून त्यावर कोथिंबीर-खोबरं भुरभुरायचं, असा हा एकूण कारभार. त्यात माहिती चुकीची असते असं नाही, पण ती कळली कशी याचा पत्ता नसतो. माझ्या मते विज्ञानातली खरी मजा तिथेच असते आणि तीच कापली जाते.

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी आहे, पण ती मुख्यतः डोळ्यांसाठी होती. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दिग्दर्शन’ १८४० मध्ये मुंबईत निघालं. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ आलं, १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. तिची व्याख्यानं आहेत, पण तिथेही फळा आणि पडदा असतोच. कानाचं शास्त्र वेगळं. वाचणारा मागचं पान उलटू शकतो, थांबून विचार करू शकतो. ऐकणारा दादरच्या पुलावर गर्दीत असतो किंवा भाजी निवडत असतो. एक वाक्य निसटलं की तो पुढची तीन सोडून देतो.

हे कानाचं शास्त्र मुंबई आकाशवाणीला नेमकं ठाऊक होतं. ‘पुन्हा प्रपंच’ हा काही विज्ञानाचा कार्यक्रम नव्हता. पण पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी बोलायला लागले की गिरगावातल्या खोलीत बसलेल्या माणसाला आपण त्याच घरात चौथे बसलो आहोत असं वाटायचं. तिथे कुणी कुणाला शिकवत नसे. एकाला पटे, दुसऱ्याला पटत नसे, आणि त्या न पटण्यातून विषय पुढे सरकत असे. आजच्या पॉडकास्टमध्ये दोन माणसं असतात, पण दोघांचंही एकमत असतं. न पटणारा भावजी नाही.

विज्ञानासाठीही हे झालेलं आहे. १९९१ मध्ये आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेने ‘मानव का विकास’ ही मालिका सुरू केली. १४४ भाग, १८ भाषा. माणूस माणूस कसा झाला, एवढा एकच विषय आठवड्यामागून आठवडे चालला. शाळा आणि मुलं श्रोते म्हणून नाव नोंदवत, त्यांना साहित्य पाठवलं जाई. सरकारी कार्यक्रमाचा जडपणा त्याला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऐकणारा कोण आहे हे तिथे माहीत होतं. आता आपल्याला ‘डाउनलोड’चा आकडा कळतो. भाग तिसऱ्या मिनिटाला बंद झाला हेही कळतं. का बंद झाला, ते कळत नाही.

तो का बंद होतो याचं एक उत्तर मला लालबागला आमच्याच चाळीत मिळालं. उष्णतेच्या लाटांवरचा एक भाग मी गॅलरीत बसून ऐकत होतो. शेजारचे काका, वय ऐंशीच्या पुढे, येऊन बसले. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीत साचेखात्यात होते. कार्यक्रमातले पाहुणे म्हणाले की नुसतं तापमान बघून चालत नाही, ‘वेट बल्ब टेंपरेचर’ बघायला हवं. सूत्रसंचालक म्हणाला, ‘बाप रे, हे जरा टेक्निकल होतंय!’ आणि दोघं हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, ‘ह्यात टेक्निकल काय आहे? आमच्या खात्यात भिंतीला लावलेलं असायचं. दोन नळ्या. एकीच्या बुडाला ओलं फडकं.’

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्या तासाभरात कुठेच नव्हतं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा सोडत. किती सोडायचा याला कायद्याची मर्यादा होती आणि ती त्या दोन नळ्यांवर मोजत. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओली नळी कमी आकडा दाखवते. हवा आधीच ओलीने भरलेली असेल तर पाणी उडत नाही आणि दोन्ही आकडे जवळ येतात. ‘आकडे जवळ आले की आमचा घाम अंगावरच राहायचा,’ काका म्हणाले. मेमध्ये विदर्भात कूलर घर गार करतो आणि गिरगावात नुसती दमट हवा ढकलतो, तेही याच कारणाने. माठही पावसाळ्यात रुसतो. आपलं अंग म्हणजेच ते ओलं फडकं. दमट हवेतला उकाडा कोरड्या हवेतल्या उन्हापेक्षा कमी आकड्यावर का मारतो, हे इतक्या सरळ सांगता येतं.

पाहुणे पुढे म्हणाले की ओल्या नळीचा आकडा ३५ अंशांवर गेला आणि तसाच राहिला तर धडधाकट माणूसही सहा तासांत दगावू शकतो. काकांनी विचारलं, ‘पण हे कळलं कसं? कुणाला मारून बघितलं का?’

कार्यक्रमात हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर मात्र फार रंजक आहे. ३५ चा आकडा २०१० मधल्या एका शोधनिबंधातून आला आणि तो कागदावरच्या गणिताचा होता. त्वचेचं तापमान साधारण इतकं असतं, त्यामुळे हवेची ओली नळी तिथे पोचली की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. कुणावर प्रयोग झालेला नव्हता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांना गोळीएवढा तापमापक गिळायला दिला आणि बंद खोलीत हलकं काम करायला लावून आतली उष्णता आणि ओलावा हळूहळू वाढवत नेला. शरीराचं तापमान ज्या क्षणी आवरेनासं होतं तिथे थांबायचं. दमट हवेत ही मर्यादा ३५ च्या बरीच खाली, ३१ च्या आसपास निघाली. म्हातारी माणसं आणि आजारी यांचं काय, हे त्यावरूनच ताडावं. काकांच्या एका प्रश्नात बारा वर्षांचं संशोधन होतं, आणि कार्यक्रमाने त्यातला फक्त जुना आकडा उचलला होता.

ही चैनीची गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या सरकारी पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली. तापमान चाळिशीच्या आत होतं. आकडा ऐकून ‘एवढं काय त्यात’ म्हणणारे आपण सगळेच असतो. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाला ओल्या फडक्याचा हिशोब कळला, तर दुपारी कुठे बसायचं ते तो वेगळं ठरवील. मनोरंजन की माहिती, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो.

शब्दांचाही मुद्दा आहे. इंग्रजी संज्ञा तशाच टाकाव्यात की परिभाषा कोशातल्या घ्याव्यात, यावर आपण हिरिरीने भांडतो. कानाला दोन्ही परके असू शकतात. ‘ऑक्सिजन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. लाव्हाझिएची ती समजूत पुढे चूक ठरली, नाव मात्र राहिलं. ‘प्राणवायू’ म्हटलं की निदान काम तरी कळतं. ‘लस’ तर आणखी गमतीचा शब्द. जखमेतून येते तीही लस. देवीच्या फोडातला असाच द्रव टोचत, म्हणून पुढे टोचायच्या सगळ्याच औषधाला ते नाव पडलं. एखादा शब्द उच्चारून क्षणभर त्यावर थांबलं, तर अर्धा भाग तिथेच उभा राहतो. सूत्रसंचालक थांबत नाहीत, कारण शांततेची त्यांना भीती वाटते. मागचं संगीतही बहुधा त्याच भीतीपोटी असतं.

बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ १९९८ मध्ये सुरू झाला. तीन प्राध्यापक आणि एक सूत्रसंचालक, संगीत नाही, विनोद जवळपास नाहीत. मेल्विन ब्रॅग वैज्ञानिक नव्हते, पण पाहुणे भरकटले की मध्येच अडवून ‘हे नीट सांगा’ म्हणत. हे परदेशातच जमतं असं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ २००९ पासून चालू आहे. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंगा रोडजवळच्या रुपारेल महाविद्यालयात संशोधक कुलाब्याहून येतात आणि समोर कुणीही बसू शकतं. तिथे व्याख्यानापेक्षा मला प्रश्न ऐकायला आवडतात. शाळकरी मुलगी विचारते, निवृत्त कारकून विचारतो, आणि अधूनमधून वक्त्याला ‘हे अजून कुणाला माहीत नाही’ असं म्हणावं लागतं. ते वाक्य मी मराठी पॉडकास्टमध्ये बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकलं आहे.

परळला आचार्य दोंदे मार्गावरून रोज हजारो माणसं हाफकिन संस्थेवरून जातात. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पॉडकास्टमध्ये गोष्ट इथे संपते. टाळ्या. पण स्वतःला टोचल्याने लस सुरक्षित आहे एवढंच फार तर कळतं. ती उपयोगी आहे हे कळत नाही. ते ठरलं त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात. तिथे प्लेग शिरला होता. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले. टोचलं त्याच दिवशी ज्यांना गाठी दिसल्या ते मात्र या हिशोबाबाहेर ठेवले गेले. ते लस घेण्याआधीच आजारी होते, असं कारण दिलं गेलं.

त्यांना बाहेर ठेवणं बरोबर होतं का? काका माइकसमोर असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता.